होडीला दार नसतं

मागच्या वर्षीच्या वादळात मिस्त्रीच्या घराची समुद्राकडची खिडकी गेली, ती एकटी गेली नाही. तिचं कवाड चौकटीतून निखळून आत आलं आणि खाटेवर बसलेल्या म्हातारीच्या डोक्यात बसलं. मागोमाग वारा आत शिरला आणि त्याने छपराचे पत्रे आतून उचलून फेकून दिले. पत्रे नवे आले, भिंतीला गिलावा झाला, फुटकी भांडी भंगारात गेली. म्हातारी मात्र पुन्हा उठली नाही. एक अंग लुळं पडलं, डोकं ताळ्यावर राहिलं नाही आणि बोलण्यातलं सगळं जाऊन एकच गोष्ट शिल्लक राहिली.

"धाकटा आलाय. दार उघड."

दिवसातून कितीदा तरी ती हे म्हणायची. धाकटा, म्हणजे मिस्त्रीचा भाऊ, आलेला नसायचा. तो पुलापलीकडे बाजारात खोली घेऊन राहत होता. सुरुवातीला मिस्त्रीण हातातलं काम टाकून उठायची, दार उघडून दाखवायची आणि सासूला म्हणायची, "बघा आई, कुणी नाही." पुढेपुढे ती जागची न हलता "वारा आहे, आई," म्हणायला शिकली. मिस्त्री तेवढंही म्हणत नसे.

ती चौकट कुजली होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्त्रीण वर्षभर सांगत होती. मिस्त्री होड्या बांधणारा सुतार. बंदरातल्या निम्म्या होड्या त्याच्या नाहीतर त्याच्या बापाच्या हातच्या. लोकांच्या होड्यांची फळी न् फळी त्याला पाठ, पण घरच्या चौकटीला मात्र "उद्या बघतो." उद्याच्या आधी वादळ आलं. गावाने त्याला तोंडावर काही म्हटलं नाही, पाठीमागे म्हणायचं ते म्हटलंच. दुसऱ्यांच्या होड्या तारल्या आणि स्वतःची आई बुडवली, हे वाक्य फिरत फिरत त्याच्या कानावर आलं. त्या खिडकीवर त्याने एक जुनी फळी ठोकली होती आणि तिच्याकडे तो बघत नसे.

वादळाचे दिवस पुन्हा तोंडावर आले तेव्हा मिस्त्रिणीने हट्ट धरला.

"एक तर खिडक्यांना शटरं बसवा, नाहीतर मला नि आईंना माझ्या भावाकडे नेऊन सोडा. पुन्हा एकदा ते सगळं बघायची माझ्यात ताकद नाही."

"शटरं कशाला? मी काय मेलोय?"

"तुम्ही जिवंत होता तेव्हाच खिडकी गेली," ती म्हणाली.

त्याने धुतलेला सदरा घातला आणि दोघं बाजारात शटरच्या दुकानात गेली.

दुकान कसलं, मोठं गोदामच होतं. समोर एक खोटी भिंत, तिला एक खोटी खिडकी आणि खिडकीवर करकरीत पत्र्याचं शटर. दुकानाचा शेठ हातात घण घेऊन उभा. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात तो घण द्यायचा आणि म्हणायचा, मारा.

"मारा, मिस्त्री, तुमचे तर हात लाकूड खाऊन तयार झालेत. काढा जोर."

मिस्त्रीने घण मारला. बोटीच्या खिळ्यावर मारतात तसा नेमका, मोजका. पत्रा नुसता झणझणला. बघायला उभी असलेली माणसं हसली.

"बघा," शेठ म्हणाला, "मिस्त्रीला नाही फुटलं तर वादळाला काय फुटतंय." मग त्याने आत हाक मारली. "ए, कोण आहे रे मापवाला? गिऱ्हाईक आहे."

आतून धाकटा आला. अंगात दुकानाचा निळा सदरा, पाठीवर दुकानाचं नाव, कमरेला टेप. भावाला आणि वहिनीला बघून तो जरा थबकला. पण शेठ बघत होता. त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि कुणालाही विचारावं तसं विचारलं, "खिडक्या किती? कुठल्या मापाच्या?"

मिस्त्रीने हातातला घण खाली टेकवला.

"ज्या घरात जन्मलास त्याच्या खिडक्या मला विचारतोस?"

"तसं नाही, दादा. विचारायची पद्धत आहे."

"असू दे तुझी पद्धत तुझ्याजवळ. पत्र्यात राहायला मी काय डबा आहे?"

तो वळून चालू लागला. मिस्त्रीण मागे राहिली. तिने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने मान हलवली, त्यात राग नव्हता. लहानपणापासून भावाच्या हाताखाली वाढलेला तो. भाऊ कुठल्या वाटेने चिडतो आणि कुठल्या वाटेने परत येतो हे त्याला माहीत होतं. या वेळी परत यायची वाट राहिली नव्हती, एवढंच त्याला कळलं नाही.

खरं दुखणं निराळंच होतं. बंदरात आता लाकडाची होडी कुणी बांधून मागत नव्हतं. साच्यात ओतलेल्या फायबरच्या होड्या येत, हलक्या, गुळगुळीत, ना सुतार लागे ना सांध्यात भरायला सूत. धाकट्याने ते वेळेत ओळखलं आणि निळा सदरा घातला. मिस्त्रीने ओळखलं नाही असं नाही, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. त्याच्या होड्यांच्या कारखान्यात मांडवाखाली एक होडी अर्धी बांधून उभी होती. मालकाने मध्येच फायबरची घेतली आणि हिच्याकडे पाठ फिरवली. कित्येक उन्हाळे ती तशीच वाळत होती. मिस्त्री रोज जाऊन तिच्यावरची धूळ झाडायचा, जणू संध्याकाळी तिला पाण्यात उतरवायची आहे.

दुकानातून आल्यावर दुसऱ्याच दिवशी तो पहार घेऊन मांडवाखाली गेला आणि ती होडी मोडायला लागला.

मिस्त्रीण जेवण घेऊन गेली तेव्हा तिला ते दिसलं. खिळे कुरकुरत बाहेर येत होते. तो एकेक फळी सोडवून उन्हात ओळीने मांडत होता आणि घामाने त्याचे डोळे चुरचुरत होते. घामच असावा असं तिने धरून चालायचं ठरवलं.

"असलं लाकूड पैसे टाकून मिळत नाही," तो म्हणाला. "वाळून हाड झालंय. आता बघ खिडक्यांना कशा झडपा करतो."

त्या झडपांसाठी तो राबला ते बघण्यासारखं होतं, हे कबूल करायला हवं. सकाळी उजेड फुटला की रंधा सुरू. अंगणभर भुशाचा आणि सालींचा ढीग. गुडघे टेकून फळीला डोळा लावायचा, उठायचा, पुन्हा रंधा. तळहाताला जुने घट्टे होतेच, त्यांच्यावर नवे फोड आले आणि फुटले. संध्याकाळी मिस्त्रीण त्याच्या हातांना तेल लावायची तेव्हा तो खाटेवरच्या आईकडे बघत बसायचा. म्हातारी छपराकडे बघत असायची. वर्षभरात तो पहिल्यांदाच तिच्याजवळ बसू लागला होता. मिस्त्रिणीला बरं वाटत होतं. नवरा कामाला लागला की घराला घरपण येतं, आणि या घरात ते फार दिवसांनी आलं होतं.

खिडक्या तीन आणि दार एक. मागचं दार वाळवी लागली म्हणून बापाने कधीच विटांनी बुजवलं होतं. समुद्राकडच्या खिडकीवरची जुनी फळी काढून त्याने तिथे नवी चौकट घातली. तिन्ही खिडक्यांना आतून लोखंडी गज, त्यांच्यावर बाहेरून झडपा. दाराला आतलं कवाड होतं तसंच ठेवलं आणि त्याच्या बाहेर जाड फळ्यांची बाहेर उघडणारी झडप बसवली, आतून दोन अडसर. प्रत्येक झडप चौकटीत अशी बेतली की सांध्यात केस जाऊ नये. फळ्यांच्या मध्ये त्याने होडीला भरतात तसं सूत ठोकून भरलं. कडांना मात्र रंग लावला नाही.

"रंग लावला की लाकूड उपाशी राहतं," तो बायकोला म्हणाला. "बाप म्हणायचा, पाणी प्यायली की होडी शहाणी होते. नवी होडी पाण्यात सोडली की आधी गळते. मग फळ्या पाणी पितात, फुगतात, सांधे आपोआप मिटतात. पाऊस लागू दे, मग बघ. वाऱ्याच्या बापाला आत येता यायचं नाही."

दाराची झडप चढवायच्या दिवशी धाकटा आला. सुट्टी होती, अंगात साधा सदरा, हातात भोकं पाडायचं मशीन. दोघं बोलले नाहीत, पण झडप जड होती आणि एकट्याने उचलण्यासारखी नव्हती. धाकट्याने न विचारता दुसरं टोक धरलं. बिजागऱ्यांचे बोल्ट त्यानेच मशीनने भिंतीत घातले. मिस्त्रिणीने दोघांना चहा दिला, दोघांनी तो एकाच पायरीवर बसून घेतला. आतून म्हातारी म्हणाली, "धाकटा आलाय. दार उघड."

"आज खरं बोलली," मिस्त्रीण हसून म्हणाली. धाकटा आत जाऊन आईचे पाय चेपून आला.

मग त्याने झडप लावून बघितली, उघडून बघितली. कडेवरून बोट फिरवलं.

"दादा, फट ठेवली नाहीस."

"नाहीच ठेवली."

"बोटभर ठेव. आम्ही पत्र्यालासुद्धा ठेवतो. हे तर लाकूड, तेही वाळकं. पावसात फुगून बसलं की उघडायचं नाही."

"फुगायलाच केलंय ते. मागच्या वेळी फटीतूनच शिरला ना वारा?"

"फटीतून नाही, चौकट कुजली होती म्हणून शिरला."

बोलायला नको होतं ते तो बोलून गेला. मिस्त्रीच्या हातात पटाशी होती. त्याने ती खाली ठेवली.

"तू मला लाकूड शिकवणार? पत्रे ठोकणारा?"

"लाकूड तूच शिकवलंस, दादा," धाकटा म्हणाला. "पण होडीला दार नसतं. तिच्यात कुणी आत-बाहेर करत नाही. हे घर आहे."

"हे माझं घर आहे. उचल तुझं मशीन. आणि पुन्हा या दारात येऊ नकोस."

धाकट्याने मशीन उचललं. जाताना वहिनीला हळूच म्हणाला, "वहिनी, काही लागलं तर फोन करा. त्याला सांगू नका हवं तर." मिस्त्री ऐकत नव्हता, की ऐकून न ऐकल्यासारखं करत होता, ते तिला कळलं नाही.

आठवड्याभरात एक सर येऊन गेली. किरकोळ, अंगणातला भुसा भिजला एवढीच. संध्याकाळी स्वयंपाकाच्या बाजूची झडप उघडायला गेली तर मिस्त्रिणीला गजांतून दोन्ही हात घालून जोर लावावा लागला.

"अहो, ही अडकतेय."

"अडकत नाही, पाणी प्यायली," तो म्हणाला. फार दिवसांनी तो मोकळेपणी हसला. ते हसू बघून तिने पुढचं बोलणं गिळलं. पुढे कितीतरी दिवस तिला ते गिळलेलं बोलणं आठवत राहिलं.

वादळाची सूचना आली ती एका ढगाळ सकाळी. गाडीवर कर्णा लावून माणसं ओरडत गेली, सगळ्यांनी शाळेत जावं. मागोमाग ट्रक आला. शेजारी आपापली गाठोडी घेऊन चढले. मिस्त्रिणीने म्हातारीची पथारी गुंडाळून ठेवली होती.

ट्रकवरच्या माणसाने खाटेकडे बघितलं. "खाट नाही घेता यायची. म्हातारीला कुणीतरी मांडीवर घ्या."

"ती बसू शकत नाही," मिस्त्री म्हणाला.

"मग आडवी टाका सामानावर. लवकर करा, अजून दोन वाड्या राहिल्यात."

सामानावर टाका हे शब्द मिस्त्रीला लागले. त्याने ट्रकच्या फळीला टेकलेला हात काढून घेतला.

"जा तुम्ही. माझं घर तुमच्या शाळेपेक्षा पक्कं आहे."

"अहो, जाऊया," मिस्त्रीण म्हणाली. "मी घेते मांडीवर. घेते ना मी."

"सामान आहे का माझी आई? एकदा माझ्यामुळे पडली. आता या घरात तिच्या केसालाही धक्का लागायचा नाही. तुला जायचं तर जा."

ती गेली नाही. ट्रक गेला आणि वाडीत शांतता पसरली. मिस्त्री झडपा लावायला बाहेर गेला तेव्हा तिने चुलीपाशी बसून धाकट्याला फोन लावला. खाडीचं पाणी चढलं तर आईंना कोण उचलणार, हे एकच तिच्या डोक्यात होतं.

"भावजी, हे निघायला तयार नाहीत. मी काय करू?"

"मी येतो, वहिनी. आईला पाठीवर बांधून आणतो, दादा शिव्या देऊ दे. तुम्ही दार लावून घ्या, मी हाक मारली की उघडा."

तिने फोन ठेवला आणि नवऱ्याला काही सांगितलं नाही. सांगितलं तर तो भावाला पुलावरूनच परत लावेल अशी तिला भीती होती. आल्यावर दारात बघून घेऊ, दारात आलेल्या भावाला कुणी हाकलत नाही, असा तिने हिशेब केला. चुकीचा नव्हता तो हिशेब.

शेवटची झडप दाराची. मिस्त्रीने ती आत ओढून घेतली, दोन्ही अडसर घातले, आतलं कवाड लावलं. भर दुपारी घरात काळोख झाला. त्याने कंदील लावला आणि तो म्हातारीच्या खाटेपाशी जमिनीवर बसला.

पाऊस आधी आला, वारा मागून. थोड्याच वेळात दोन्हींचा मिळून एकच आवाज झाला. तो आवाज भिंतींना धडका देत होता, छपरावरून सरपटत होता, पण आत येत नव्हता. कंदिलाची ज्योत हलत नव्हती. मिस्त्री हातात कंदील घेऊन एकेका खिडकीशी गेला, गजांतून हात घालून त्याने झडपेच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि ते बायकोला दाखवलं.

"बघ. कोरडं."

तिने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की तिला त्याची दया आली. बाहेर काहीतरी मोठं कोसळलं, कुणाचे तरी पत्रे खणखणत अंगणातून गेले. घर मात्र हललं नाही.

"धाकटा आलाय," म्हातारी म्हणाली. "दार उघड."

"वारा आहे, आई," मिस्त्री म्हणाला. त्या दिवशी त्याचा आवाज मऊ होता.

मिस्त्रिणीने कान दिला. वाराच होता. एवढ्या लवकर कुठला यायला, पूल ओलांडायचा, तेही असल्या वाऱ्यात. आलाच नसेल. मधेच कुठेतरी थांबला असेल, शहाणा आहे. तिने स्वतःची अशी समजूत घातली, आणि खरं सांगायचं तर नवऱ्याच्या त्या समाधानी चेहऱ्याला तिला धक्का लावायचा नव्हता.

"धाकटा आलाय. दार उघड." म्हातारीने चांगला हात उचलून खाटेवर आपटला. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं. "दार उघड. दार उघड."

मग समुद्राकडच्या झडपेवर ठोकल्याचा आवाज आला. वाऱ्याचा नव्हता. वारा असा थांबून थांबून ठोकत नाही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आवाज थांबला आणि थोड्या वेळाने दुसऱ्या खिडकीवर आला, मग स्वयंपाकाच्या बाजूला. कुणीतरी भिंत धरून घराभोवती फिरत होतं. शेवटी तो दारावर आला आणि वाऱ्याच्या एका खंडात हाक ऐकू आली.

"वहिनी."

मिस्त्री उठून उभा राहिला. "हा तुला हाका मारतोय," तो म्हणाला. "मला नाही."

"मी बोलावलंय त्यांना. आईंना न्यायला. मघाशी आई म्हणाल्या तेव्हाच मला सांगायचं होतं." "उघडा हो."

मिस्त्रीने आतलं कवाड ओढलं, अडसर काढून फेकले आणि झडपेला खांदा लावला. झडप हलली नाही. त्याने मागे सरून धडक दिली. तिनेही दिली. भिंतीला धडक द्यावी तशी ती होती. लाकडाने पोटभर पाणी पिऊन घेतलं होतं, वरून वारा तिला चौकटीत दाबून बसला होता. सांधे मिटले होते, बापाने सांगितलं होतं तसे आणि मुलाने केले होते तसे.

"फुगलीय," तो म्हणाला. एवढंच.

त्याने मोगरी घेऊन कडेने ठोकलं, पटाशी घालायला बघितलं. पटाशीचं टोक शिरायला जागा नव्हती. बाहेरून नखांनी खरवडल्यासारखा आवाज येत होता, अगदी त्याच्या हाताच्या समोर, मधे फक्त त्या जाड फळ्या. "दादा," बाहेरून आलं. या वेळी दादा.

"थांब," मिस्त्री ओरडला. "थांब रे, उघडतो. भिंतीला चिकटून बस. खाली बस."

त्याने वाकस आणला, होडीची लाकडं तासायचा, बापाच्या हातचा. आणि ज्या फळ्यांवर त्याने दिवसच्या दिवस रंधा फिरवला होता त्यांच्यावर तो घाव घालू लागला. मिस्त्रीण कंदील धरून उभी होती. ओलं झालेलं जुनं लाकूड वाकस धरून ठेवायचं, प्रत्येक घावाला ढलपी निघायची ती नखाएवढी. चांगलं लाकूड होतं ते. इतकं चांगलं लाकूड त्याने कुणाच्याच होडीला वापरलं नव्हतं. त्याच्या हातावरचे फोड फुटून दांडा लाल झाला. तो घावागणिक भावाला हाक मारत होता. सुरुवातीला बाहेरून ठोकल्याचं उत्तर यायचं. मग काहीतरी पत्र्याचं दणकन घरावर आपटलं, आणि त्यानंतर फक्त वारा.

"दमला असेल," मिस्त्री म्हणाला. "बसला असेल खाली. मीच सांगितलं ना बस म्हणून."

छातीच्या उंचीवर भोक पडलं तेव्हा पावसाचा फवारा आत आला आणि कंदील विझला. त्याने भोकातून हात बाहेर घातला, खांद्यापर्यंत. चाचपलं. हाताला पाऊस लागला, दुसरं काही नाही. तो तसाच हात बाहेर ठेवून हाका मारत राहिला. काळोखात मिस्त्रिणीला त्याचा श्वास ऐकू येत होता आणि म्हातारीचं तेच ते बोलणं. पुन्हा त्याने वाकस उचलला.

डोकं घालण्याएवढं भोक झालं तोवर वारा मंदावला होता आणि बाहेर पहाटेचा करडा उजेड होता. मिस्त्रीने मान बाहेर काढून खाली बघितलं. धाकटा उंबऱ्याला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, मान एका बाजूला. मघाशी बाहेर घातलेल्या हाताच्या वीतभर खालीच.

"अरे," मिस्त्री त्याला म्हणाला, "आत ये."

मिस्त्रिणीने त्या वेळचा त्याचा आवाज पुढे कुणालाही सांगितला नाही.

शाळेतून परतलेल्या माणसांनी बाहेरून पहार लावून बघितली, झडप निघाली नाही. शेवटी करवतीने ती मधोमध कापली. शेजारच्या घराचा पत्रा अंगणात पडला होता, त्याची कड धाकट्याच्या मानेत बसली होती. पाठीला त्याने दोर गुंडाळून आणला होता, आईला बांधून न्यायला. दोन्ही हातांची नखं तुटली होती. बोट घालायला त्याला जागा सापडली नव्हती.

खाडीचं पाणी अंगणाच्या कडेपर्यंत येऊन परत गेलं होतं. घरात एक थेंब आला नव्हता, दाराच्या भोकातून आला तेवढाच. माणसं भिंतींवरून, झडपांवरून हात फिरवत होती. एकजण सवयीने म्हणून गेला, काम मात्र पक्कं केलंय. म्हटल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं आणि तो मागे सरला. शटरवाला शेठही येऊन गेला, दारात उभा राहिला. जाताना त्याने धाकट्याचा धुऊन घडी केलेला निळा सदरा मिस्त्रिणीच्या हातात दिला.

सगळे विधी झाले, माणसं पांगली. ऊन पडलं. चार दिवस कडकडीत ऊन खाल्ल्यावर खिडक्यांच्या झडपा एकेक करून आपोआप सैल झाल्या, हाताने ढकलल्या की उघडू लागल्या. मिस्त्रीने त्या उतरवल्या आणि अंगणात मांडल्या. दिवसभर तो त्यांच्या कडा रंध्याने मारत बसला. मधेमधे चौकटीपाशी नेऊन बघायचा, सांध्यात बोट घालायचा, पुन्हा येऊन रंधा. बायकोशी तो बोलत नव्हता असं नाही, लागेल तेवढं बोलायचा. तिने बोलावलं हे त्याने कधी काढलं नाही आणि त्याने हाकललं होतं हे तिने काढलं नाही. दाराला त्याने नवी झडप केली, बोटभर फट ठेवून.

ती चढवून तो आत येऊन खाटेपाशी बसला होता. मिस्त्रीण म्हातारीला भात भरवत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, सांगून कळण्यासारखं तिचं डोकं नव्हतं. घास गिळून ती छपराकडे बघत म्हणाली, "धाकटा आलाय. दार उघड."

वारा आहे आई, हे मिस्त्रिणीच्या तोंडून निघेना.

मिस्त्री उठला. दारापाशी गेला, कवाड ओढलं, अडसर काढले आणि झडप ढकलली. ती एका बोटाने उघडली. बाहेर अंगणात ऊन होतं, लाकडाच्या साली होत्या, कुणी नव्हतं. तो थोडा वेळ बघत उभा राहिला. मग दारातून बाजूला सरला, आत येणाऱ्याला वाट द्यायला सरतात तसा. नंतर दार लोटून घेतलं आणि परत येऊन जागेवर बसला.

संध्याकाळपर्यंत म्हातारी आणखी किती वेळा तेच म्हणाली ते कुणी मोजलं नाही. दर वेळी तो उठला.